वसंता उमरेडला गेला तेव्हा

वसंता गेल्याचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होतो. फोन ठेवला आणि निवडतच राहिलो. पिकलं पान होतं, झोपेत गेला, सोनं झालं, असं लोक म्हणाले. लोकांचं काय जातं...

ऐंशीच्या दशकात आम्ही काही जण संध्याकाळी नागपुरात धरमपेठेतल्या एका बागेत जमायचो. पुरुषांवर जीव जडलेले पुरुष. बहुतेकांच्या घरी बायको, मुलं, सगळं रीतसर. कुणाला गुप्तरोग झाला की वसंता त्याला हाताला धरून दवाखान्यात न्यायचा. डॉक्टर विचारायचे, कोणत्या बाईकडे गेला होतास? खरं सांगायची सोय नव्हती, म्हणून जो तो एक बाई रचून सांगायचा. शिवाय रांगेत उभं राहायला जोडीतल्या दोघांतला एकच धजायचा, मग त्याच्या गोळ्या दोघं वाटून खायचे. वसंता भडकायचा, ‘‘अबे, प्रसाद आहे का हा? अर्ध्या गोळ्यांनी रोग जाते का?’’

उमरेडचा मनोहर हा वसंताचा जीव की प्राण. दोघांना गरमी, म्हणजे सिफिलिस, झाली, दोघांनी इंजेक्शनं घेतली. पण मनोहरची बायको गरोदर होती. तिलाही आणा, नाहीतर बाळाला धोका आहे, असं डॉक्टरांनी बजावलं. मनोहर रडकुंडीला आला, ‘‘तिले काय सांगू गा? कोठून आणलं म्हणन ते.’’

वसंताने पुष्कळ विनवलं. शेवटी एसटीत बसून तो स्वतःच उमरेडला गेला. परतल्यावर बागेत माझ्याशेजारी बसला, तोंड उतरलेलं. ‘‘तिनं चहा देला. बसा ना भाऊ, म्हणे. मी शब्द जुळवून राहिलो होतो. सांगाव तर मनोहरचं घर मोडते, नाही सांगाव तर... मी उठून आलो गा.’’

पुढे तिचं मूल मेलेलंच जन्मलं. मनोहर पुन्हा बागेत आला नाही. त्यानंतर वसंता भेटेल त्याला एकच सांगायचा, आधी बायकोला दवाखान्यात ने. कित्येक जण हसून टाळायचे.

परवा वसंताच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला उमरेडहून एक म्हाताऱ्या बाई आल्या. मनोहरची बायको. मनोहर मागेच वारला. फोटोला फूल वाहून त्या माझ्याजवळ बसल्या.

‘‘हे भाऊ एकदा आमच्या घरी आलते. काही बोलाचं होतं त्याईले. बोललेच नाही. तुमाले माहीत आहे का, काय होतं?’’

‘‘नाही जी,’’ मी म्हणालो.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या, अजून काही सांगेन म्हणून.