मक्याला एक रात्र लागते

रिसोडात चाचांच्या हॉटेलात भुकेल्या माणसानं जाऊ नये, असं मी स्वतः लोकांना सांगायचे. ताट समोर यायचं, पण हात लावायची सोय नव्हती. चाचा टेबलाशी उभे राहून आधी टाको म्हणजे काय, ते समजावायचे. कोणी घाई केली की म्हणायचे, "आयका त पहिले. खाणं कुठी पळून राह्यलं?" खाणं पळत नव्हतं, थंड होत होतं.

बारा वर्षं ते मस्कतला एका मेक्सिकन हॉटेलात स्वयंपाकी होते. पोरगी मोठी झालेली फोनवरच पाहिली. पुन्हा घर सोडायचं नाही, एवढ्यासाठी त्यांनी बसस्टँडच्या रस्त्यावर गाळा घेऊन मेक्सिकन हॉटेल काढलं. चाची राजमा आणि चटण्या सांभाळायची, पोरगी रुखसार गल्ल्यावर, चाचा तव्यावर. रुखसार माझी कॉलेजातली मैत्रीण. मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. हे मी चारचौघांत सांगते. चाचा माझ्याहून जास्त सांगायचे. मेनूकार्डही त्यांनी माझ्याच हातून लिहून घेतलं.

टाकोच्या रोटीसाठी मका चुन्याच्या पाण्यात उकळायचा, रात्रभर तसाच ठेवायचा, सकाळी चोळून धुवायचा आणि वाटायचा. चुना म्हटलं की गिऱ्हाईक दचकायचं. "चाचा, चुन्याचं नका सांगू," मी म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून ते चुन्याचं भांडंच टेबलावर आणून दाखवायला लागले. अशा माणसाला काय सांगणार?

तरी मी हरले नाही. आमच्या ऑफिसातल्या साहेबांची बदली झाली, तेव्हा निरोपाच्या जेवणाची पन्नास ताटं मी चाचांना मिळवून दिली. एकदा आमच्या ऑफिसच्या तोंडी चव बसली की तालुक्यातली बाकीची ऑफिसं येतील, असा माझा अंदाज. जेवण गुरुवारी होतं. बुधवारी सकाळी कळलं, साहेबांना आजच सोडणार, म्हणजे जेवणही आजच. मी धावत हॉटेलात गेले.

"मका दहा ताटांचाच हाय," चाचा म्हणाले. "मक्याले एक रात लागते."

"मग मैद्याच्या लाटा. मैद्याची पाकिटं मी आणते."

त्यांनी मेनूकार्ड माझ्यापुढे धरलं. "हे कोनं लिवलं? घरी वाटलेल्या मक्याची रोटी. शिकल्या पोरीनं लिवलेलं मी खोटं करू काय?"

"चाचा, हॉटेल चालायचं आहे ना?"

"तुह्या हातचं हाय म्हनून त भिंतीवर पन लावलं."

आतून चाची कडाडली, "मस्कतात बारा वर्षं मालकाचं आयकलं. इथं बायकोचं आयकाले यायले कानच नाहीत!"

चाचा हलले नाहीत. साहेबांचा निरोप शेजारच्या हॉटेलातल्या पनीरवर झाला. ऑफिसात मला महिनाभर टोमणे मिळाले आणि त्यानंतर एकाही ऑफिसचं माणूस चाचांकडे आलं नाही. उन्हाळ्याच्या आधी गाळा सुटला. चाचा परत मस्कतला गेले. बसमध्ये चढताना मला म्हणाले, "नाराज नको होऊ, बेटा." मी नाराज नव्हते. मी भयंकर चिडले होते, आणि अजूनही चिडलेलीच आहे.

परवा रुखसारच्या घरी असताना त्यांचा व्हिडिओ कॉल आला. त्यांच्या मागच्या ओट्यावर तयार रोट्यांच्या पाकिटांची चळत होती.

"चाचा, त्या मैद्याच्या रोट्या ना?"

"हो. इथं मैद्याच्याच चालतात."

"तिथे चालतात, मग रिसोडात एक दिवस का नाही चालल्या?"

"इथं मालक दुसरा हाय, बेटा. तो सांगल ते भाजाचं. आपल्या दुकानात आपून खोटं कायले वाढाचं?"

चाचीनं फोन ओढून घेतला. "त्या एका दिवसापायी पुन्हा घर सोडलं, ते नाही दिसून राह्यलं काय तुमाले?"

चाचा कॅमेऱ्यासमोरून बाजूला झाले. "नेटवर्क जाऊन राह्यलं," म्हणाले आणि फोन ठेवला.

नेटवर्क चांगलं होतं. त्यांच्या मागे कोणीतरी "जल्दी करो" म्हणून ओरडलं, ते आम्हा तिघींनाही स्पष्ट ऐकू आलं होतं.