झाकणावरचा निळा

त्या उन्हाळ्यात मी पर्समध्ये रंगाच्या डब्याचं एक झाकण घेऊन धुळ्याची आणि जळगावची कॉम्प्युटरची दुकानं पालथी घातली. झाकण वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. त्यावर वाळून टणक झालेला निळा रंग. दुकानात शिरले की मी आधी रॅम विचारायची, मग ग्राफिक्स कार्ड, आणि समोरचा माणूस बोलण्याच्या भरात आला की हळूच झाकण काढून स्क्रीनला टेकवायची.

"मॅडम, हे काय?"

"रंग आहे. जुळतो का बघते."

एकानं तर झाकण हातात घेऊन हुंगून पाहिलं. त्याला वाटलं असावं, बाई डोक्यानं जरा सैल आहे. त्याचं फार चुकत नव्हतं.

आबा, म्हणजे माझे वडील, पेंटर. गाव दोंडाईच्याकडचं, पण उभं आयुष्य जळगावात मेहरूणला दुकानांच्या पाट्या रंगवण्यात गेलं. एप्रिलमध्ये जयंती आली की आमच्या वस्तीची कमान तेच रंगवायचे. त्या कमानीचा निळा डब्यातून येतो तसा कधीच नसायचा. दोन निळे, थोडा पांढरा आणि काडीच्या टोकावर हिरव्याचा एक थेंब. काडी ढवळायची, झाकणावर एक बोट ओढायचं, उन्हात धरायचं आणि मग "हां" म्हणायचं. त्या "हां"साठी आम्ही पोरं रांग लावून उभी असायचो.

त्या उन्हाळ्याच्या तीन वर्षं आधी मोतीबिंदू वाढला आणि आबांनी ब्रश ठेवला. तेव्हापासून कमान फ्लेक्सची. फ्लेक्सवरचा निळा दरवर्षी जांभळ्यावर जायचा. भरताच्या वांग्याच्या गावात राहणारी माणसं, त्यांना नाव ठेवायला वेळ लागतो का? "यंदा बी वांगंच," म्हणत सगळे त्या कमानीखालून जायचे. आबा मात्र मान खाली घालून जायचे. मला ते बघवायचं नाही.

त्या वर्षी वस्तीतल्या मंडळींनी कमान माझ्यावर सोपवली. मी धुळ्यात, देवपूरला राहते, घरी बसून लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. माझा जुना डेस्कटॉप म्हणजे दम्याचा पेशंट. तो चित्र उघडेपर्यंत चहा होतो, पिऊनही होतो. त्याचा स्क्रीन इतका पिवळा पडला होता की निळा कसा आहे हे त्याला विचारण्यात अर्थच नव्हता. नवा घ्यायचा हे ठरलं, आणि तिथून माझी झोप उडाली.

डेस्कटॉप घ्यावा तर लाइट गेली की सगळं ठप्प. लॅपटॉप घ्यावा तर उन्हाळ्यात तापून त्याचा पंखा विमानासारखा ओरडणार. रोज नवा व्हिडिओ बघायची, रोज मत बदलायची. नवऱ्याला सकाळी एक नाव सांगायची, संध्याकाळी दुसरं. तो म्हणाला, "आपलं लग्न एका भेटीत ठरलं होतं." मी चिडले. त्याला काय सांगणार? आबांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन महिनाभर हट्ट धरून मी ठरवलं होतं. डावा डोळा करायला ते तयारच नव्हते. "एक पुरे. आते मी काय कमानी रंगाडी ऱ्हायनू का?" असं म्हणून त्यांनी विषय संपवला होता. मला एवढंच हवं होतं, की उघडलेल्या डोळ्याला कमानीवर स्वतःचा निळा दिसावा. निदान एकदा. म्हणून मी मेहरूणच्या घराच्या माळ्यावरून त्यांच्या शेवटच्या डब्याचं झाकण उचलून आणलं होतं, त्यांना न सांगता.

अखेर जळगावात एका दुकानात झाकण आणि स्क्रीन एक झाले. खरोखर एक झाले. मी लॅपटॉपचा उजेड कमीजास्त केला, दारापर्यंत नेऊन पाहिला, दुकानदाराला एसी बंद करायला लावून अर्धा तास चित्र उघडबंद केलं. रंग हलला नाही. त्याच दिवशी घेतला. बसमध्ये मांडीवर खोकं धरून बसले आणि एरंडोल येईपर्यंत मला वाटायला लागलं, की डेस्कटॉपच घ्यायला हवा होता.

आठवडाभरात कमानीचं चित्र झालं. मध्ये आबांचं ऑपरेशन झालं, नीट झालं. मी फ्लेक्सवाल्याकडे वीतभर नमुना छापायला दिला. मशीनमधून पट्टी सरकत बाहेर आली.

वांगं. चकचकीत, ताजं वांगं.

फ्लेक्सवाला भला माणूस. म्हणाला, "ताई, स्क्रीन उजेडानं रंग दाखवते, मशीन शाईनं. एवढा तेज निळा शाईला झेपत नाही. ती जांभळ्यावर जाते." हे मला माहीत नव्हतं असं नाही. पुस्तकांचं काम करताना छापखान्यातली माणसं ते सांभाळून घेतात, आणि मी चांगल्या स्क्रीनच्या नादात ते सोयीस्कर विसरले होते. पण राग मला लॅपटॉपचाच आला. एवढी दुकानं फिरून घेतलेला, आणि खोटं बोलतो! परत करायचाच म्हणून मी तो खोक्यात भरला, पट्टी आणि झाकण पर्समध्ये टाकलं आणि सकाळची जळगावची बस धरली. जयंतीला पाच दिवस होते.

दुकान उघडायला वेळ होता म्हणून आधी मेहरूणला गेले. आबा काळा चष्मा लावून ओट्यावर सावलीत बसले होते. मी त्यांच्यासमोर पट्टी टाकली आणि रडवेली होऊन म्हणाले, "आबा, एवढं करूनही वांगंच आलं." मग झाकण काढलं. "हा तुमचा रंग. हा काही केल्या उतरत नाही."

आबांनी चष्मा कपाळावर चढवला. झाकण उन्हात धरलं, पूर्वी धरायचे तसं. बराच वेळ पाहिलं.

"हाऊ रंग कोना शे?"

"तुमचाच. शेवटच्या डब्याचा."

"मना?" त्यांनी नव्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि जुन्यानं पाहिलं. मग जुना झाकून नव्यानं. पुन्हा जुन्यानं. "या डोयाले बरोबर दिखस," ते जुन्या डोळ्याकडे बोट करत सावकाश म्हणाले. मग बोट नव्याकडे नेलं. "या डोयाले ते हाई बी वांगंच शे."

मला एकदम सगळं कळलं आणि कळू नये असं वाटलं. डोळ्यावर पिवळट पडदा चढत गेला तसा आबा निळा वाढवत गेले होते. त्यांच्या हातच्या शेवटच्या दोन कमानीही भडक होत्या. मी पाहिल्या होत्या. मला वाटलं होतं, माझ्याच आठवणीत काहीतरी गडबड आहे. आणि ज्या वस्तीनं फ्लेक्सला तोंडावर वांगं म्हटलं, तिनं आबांना दोन वर्षांत एका शब्दानं काही म्हटलं नव्हतं.

"बठ्ठासले दिखे ना?" आबांनी विचारलं. "तुले बी?"

मी "हो, सगळ्यांनाच" म्हणाले. खोटं बोलायला जीभ वळली नाही. त्यांनी झाकण ओट्यावर उलटं ठेवलं. त्यांच्या चेहऱ्यावर लाज होती, आणि ती मी पर्समध्ये घालून आणली होती. त्या क्षणी मला ते झाकण मेहरूणच्या तलावात फेकून द्यावंसं वाटलं.

"डबडं उघड," आबा म्हणाले. डबडं म्हणजे लॅपटॉप.

मी खोक्यातून तो काढून ओट्यावरच मांडला. आबा उजव्या डोळ्यानं स्क्रीनला भिडले. मी रंगाचे आकडे सरकवत होते, ते बोलत होते. "जांभया कमी कर. आखो कमी. पांढरा टाक. आते हिरवा, काडीवर मावी इतलाच." काडीवर मावेल एवढा हिरवा म्हणजे किती आकडे, हे मला आजही सांगता येणार नाही. पण मी सरकवत राहिले, आणि एका जागी ते म्हणाले, "हां."

मी लहानपणी ज्यासाठी रांगेत उभी राहायचे तो हा शब्द होता. मला हुंदका आला. आबांनी तिकडे लक्ष दिलं नाही. त्यांना नमुना छापून बघायची घाई झाली होती. काळा चष्मा लावून ते माझ्याबरोबर रिक्षातून जळगावच्याच एका फ्लेक्सच्या दुकानात आले, आणि मशीनसमोर हात मागे बांधून उभे राहिले. पट्टी बाहेर आली. तेज कमी होतं, पण जांभळा नव्हता. तो शाईला झेपणारा रंग होता. लॅपटॉप परत करायचं राहून गेलं.

जयंतीच्या सकाळी कमान उभी राहिली. बाया खाली थांबून वर बघत होत्या, आणि वांगं हा शब्द कोणी काढला नाही. आबा मात्र मधोमध उभे राहून एकेक डोळा झाकून पाहत होते. नव्यानं पाहिलं, मान हलवली. मग जुन्यानं पाहिलं आणि कपाळाला आठी पडली.

"याले फिका दिखस," ते म्हणाले.

मी घाबरले. "आबा, रंग चुकला का?"

"रंग बरोबर शे." त्यांनी डोळ्यावरचा हात काढला. "सोमवारले दवाखानामा नंबर लाव. हाऊ डोया बी करी टाकूत. पुढला सालना निया रंग दोन्ही डोयाघाई देखीसन करसू."