वामनरावांच्या बाटलीतला पाऊस

वामनराव इंगळे शालूला बघायला चांदूर बाजारला आले, तेव्हा त्यांनी मुलीकडे पाहिलंच नाही. नवऱ्या मुलाचे चुलते म्हणून त्यांना हाताची खुर्ची दिली, शालूनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि वामनरावांनी तो एका दमात रिकामा केला. मग दुसरा. सातव्या तांब्याला शालूच्या वडिलांनी विहिरीत डोकावून पाहिलं. नवव्याला शेजारच्या बागेतली संत्र्याची पानं मलूल पडली. अकराव्यानंतर वामनरावांनी मिशा पुसल्या आणि निकाल दिला, "पाणी गोड हाये. पोरगी पसंत."

लग्न होऊन शालू दर्यापूरकडे खारपाण पट्ट्यात आली, तेव्हा त्या अकरा तांब्यांचा अर्थ तिला कळला. इथं जमिनीखाली पाणी नव्हतं, मीठ होतं. ते पातळ होतं एवढंच. साबणाला फेस येत नसे आणि तुरीची डाळ शिजायला दुपार लागे. पहिल्याच दिवशी तिनं केलेला चहा फाटला. ती रडकुंडीला आली तर सासूनं समजावलं, "चहा असाच असते व."

गावातल्या माणसांना मात्र एक विद्या येत होती. कुठल्याही बोअरचं पाणी जिभेवर ठेवलं की ते कुणाच्या घरचं हे सांगत. या विद्येत वामनरावांचा हात धरणारा कुणी नव्हता. ते डोळे मिटून सांगत आणि एकदाही चुकत नसत.

वीस वर्षांनी गावात पाणी गोड करायची मशीन आली. ती चालायची छतावरच्या बारा सोलर प्लेटांवर. कारभार बचत गटाकडे आणि किल्ली शालूकडे. ती किल्ली शालूनं मंगळसूत्राच्या बरोबरीनं वागवली. दोन वर्षं तिच्या घरी चहा फाटला नाही.

मग एका जुलैत पावसानं अठरा दिवस तोंड दाखवलं नाही, आणि वामनरावांच्या मोबाइलवर एक व्हिडिओ आला. सोलर प्लेटा गरम होतात, त्या उष्णतेनं ढग पळून जातात, असं त्यात एक कोट घातलेला माणूस सांगत होता. वामनरावांनी तो पारावर सगळ्यांना दाखवला. दोनदा.

"मामाजी, ढग समुद्राकून येते," शालू चुलतसासऱ्यांना म्हणाली. "आपल्या बारा प्लेटा त्याले वरून दिसत बी नसतीन."

"मंग कावून पळून राहिला सांग बरं? त्या माणसानं कोट घातला होता सूनबाई."

शालूकडे कोट नव्हता. पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत प्लेटा काढायचा ठराव आणायचं ठरलं. प्लेटा गेल्या की मशीन गेली.

शालूचं शिक्षण दहावी, तेही तिसऱ्या बैठकीत. पण सातवीत तिनं शाळेचा पर्जन्यमापक फोडला होता आणि शिक्षा म्हणून गुरुजींनी तिच्याकडून त्याची रचना पन्नास वेळा लिहून घेतली होती. तेवढं एक विज्ञान तिचं पक्कं होतं. तिनं कोल्ड्रिंकच्या चौदा बाटल्या जमवल्या, गळे कापून उलटे बसवले, अंगावर मिलिमीटरच्या खुणा केल्या आणि शेतांच्या बांधांवर खुंट्यांना बांधल्या. काही मशीनच्या जवळ, काही लांब. प्लेटा ढग पळवत असतील तर जवळच्या बाटल्यांत कमी पडायला हवा. रोज सकाळी ती आकडे मशीनजवळच्या फळ्यावर लिही.

चूक एकच झाली. तिनं आकड्यांपुढे शेतमालकांची नावं लिहिली.

एकदाचा पाऊस झाला. दुसऱ्या सकाळी वामनराव कॅन भरायला आले आणि फळ्यापुढे थबकले. शेषराव एकतीस, वामनराव अठ्ठावीस. शेषराव म्हणजे त्यांचा चुलत भाऊ, आणि दोघांत एका बांधावरून तीस वर्षांचं वैर. शेषरावांचं शेत गावाच्या पार टोकाला, वामनरावांचं मशीनला लागून.

"शेषरावले जास्त?" त्यांनी विचारलं.

"तीनच हाये जी जास्त."

वामनराव कॅन न भरताच गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाऊस झाला; बाकीच्या बाटल्यांत तीसच्या आसपास, त्यांच्या बाटलीत चव्वेचाळीस मिलिमीटर होता. तिसऱ्या दिवशी आभाळ निळं होतं, तरी बारा होता.

गावानं फळा वाचला आणि तर्क लावला: मशीनजवळ पाऊस जास्त पडतो, म्हणजे प्लेटा ढग ओढतात. शेषराव स्वतः शालूकडे आले. "चार प्लेटा माह्या वावरात बसवतं का व?"

ठराव आता पडणार, हे उघड होतं. शालूला फक्त गप्प बसायचं होतं. पण वामनरावांच्या बाटलीत पाणी सुकलं की पांढरं कडं राहत होतं. पावसाचं कडं राहत नाही. तिला रात्री चांगली झोप लागायची, ती दोन रात्री लागली नाही.

ग्रामसभेत ती बाटली आणि पाच स्टीलचे पेले घेऊन गेली. सरपंच नत्थुजींपुढे पहिला ठेवला. "चाखून पाहा जी. पाऊस हाये."

नत्थुजींनी घोट घेतला. "हे तं वामनरावच्या बोअरचं."

"जुन्या बोअरचं," शेषराव म्हणाले. "नवीनचं थोडं कडू लागते."

सगळ्यांनी वामनरावांकडे पाहिलं. पाचवा पेला त्यांच्या हातात होता. खोटं बोलायला हरकत नव्हती, पण मग चाळीस वर्षांची जीभ बदनाम झाली असती. त्यांनी डोळे मिटले, घोट घोळवला आणि गिळला.

"माह्यंच हाये," ते म्हणाले.

हसणं थांबेपर्यंत शालू उभी राहिली. मग म्हणाली, "थे बाटली सोडा. बाकी तेरा पाहा. जवळ बी तेवढाच, लांब बी तेवढाच. प्लेटा ढग पळवत नाईत आन् ओढत बी नाईत. पण पूर्ण महिन्यात जेवढा पाऊस पडला, थो दोनच दिवसांत पडला, थे पाहा. हवा जास्त तापली का तिच्यात वाफ जास्त मावते. मंग वतते तं एकदमच वतते. हवा तापवते कोळशाचा धूर. त्या प्लेटाईले धूर नाई."

शेवटी वामनरावांनी हात वर केला. गाव कान टवकारून बसलं.

"मंग माह्या बाटलीत खरा पाऊस किती होता?"

"पहिल्या दिवशी अठ्ठावीस, मामाजी."

"आन् शेषरावचा एकतीस खरा होता का? चाखला का कोणं?"

ठराव नामंजूर झाला. ऑक्टोबरमध्ये कापूस वेचणीला आला आणि नेमका पाऊस लागला, तेव्हा वामनराव शालूकडे येऊन प्लेटा दोन दिवस ढगांकडे वळवून ठेवायला सांगून गेले.

प्लेटा अजून छतावर आहेत. मशीनचा फिल्टर दिवाळीत गेला. तो बसवणारा माणूस अकोल्याहून यायचा आहे. शालूच्या घरी चहा फाटतो.