डच शब्दाचा उखाणा

सौदीत, अल खफजीतल्या आमच्या कंपनीच्या वसाहतीत शेजारी एक डच बाई राहायची. तिच्याकडे बायका कॉफीला जमल्या की ती मला हटकून एक शब्द म्हणायला लावी: व्हेइलिखहैट्सफोरस्ख्रिफ्तन. अर्थ साधाच, सुरक्षेचे नियम. मी आपली पाढा म्हणावा तशी सगळी अक्षरं एकाच वजनात ठोकायची, आणि बायका पोट धरधरून हसायच्या. तेवढं मी गिळलंही असतं. पण एकदा माझी शाळकरी लेक त्यांच्यात बसून हसली, आणि घरी येताना इंग्रजीत म्हणाली की माझ्या मैत्रिणींसमोर तू बोलत जाऊ नकोस. माझ्या पोटची पोर मलाच लाजते म्हणजे काय! टाळकंच सटकलं माझं. म्हटलं, या बाईची जिरवली नाही तर बघा.

मग रोज मोबाइलवर तो शब्द लावायचा आणि पोळ्या लाटायच्या. व्हेइ, लिख, हैट्स, फोर, स्ख्रिफ, तन. खरा जोर पहिल्या तुकड्यावर, थोडासा फोरवर, बाकीचे नुसते सरकवायचे. लाटण्याचा दाबही तसाच पडायचा. पोळ्यांचे नकाशे व्हायचे, नवरा मुकाट्याने खायचा.

संक्रांतीनंतर घरी हळदीकुंकू ठेवलं आणि तिला अगदी आग्रहाने बोलावलं. सगळ्यांना सांगून टाकलं, उखाण्यात नवऱ्याचं नाव घेतल्याशिवाय कुणी दाराबाहेर जायचं नाही, आमची रीतच आहे. पहिला उखाणा मीच घेतला. नवऱ्याचं नाव इथे गाळते:

"तोंडपाठ केलं व्हेइलिखहैट्सफोरस्ख्रिफ्तन,
ह्यांच्या संसाराचं करते मी जतन."

जोर बरोब्बर जागेवर पडला. बाईचं तोंड एवढंसं झालं. तिच्यासाठी मी मुद्दाम ओळ रचून ठेवली होती, तिळगूळ, पोळी, कोवळं केळं, सगळा ळच ळ. तिची जीभ पहिल्याच शब्दाला अडकली. बायका फिदीफिदी हसल्या. काय गार वाटलं म्हणून सांगू! ती लालबुंद होऊन पर्स उचलून दाराकडे निघाली. माझ्या एका मैत्रिणीने मला डोळ्यांनीच खुणावलं, पुरे आता. मीही तिला जाऊ देणारच होते.

तेवढ्यात लेक माझ्या पदराला धरून चक्क मराठीत म्हणाली, "आई, तिला सोडू नकोस. अजून एकदा म्हणायला लाव."

मी दार अडवून उभी राहिले, आणि लावलं.