हरलेल्याचा फोन

शाळेच्या स्वयंपाकघरात आयुष्य काढलेली आर्लिस टोस्ट्रुड मोठी खंबीर, असं सारं शहर म्हणायचं. नवरा गेला तरी रडली नाही, म्हणून जरा जास्तच म्हणायचं. खंबीर कसली! तिला काही जाणवतच नव्हतं. चर्चच्या बायकांनी आणून दिलेलं ती रोज ओव्हनमध्ये गरम करायची आणि चव न कळताच खायची.

तिचा नवरा मर्ल महापौरपदाला उभा होता. मतपत्रिका छापून झाल्या आणि हा दारातला बर्फ उपसता उपसता गेला. विस्कॉन्सिनमध्ये शहराच्या निवडणुकीत पक्षबिक्ष नसतात. त्याच्या जागी दुसरा माणूस द्यायला कोण बसलंय? मतपत्रिकेवर नाव राहिलं, लोकांच्या अंगणांत प्रचाराच्या पाट्याही राहिल्या. येता-जाता 'टोस्ट्रुड' वाचून आर्लिसला एकच वाटायचं, हा हरू दे, पाट्या निघू देत, संपू दे एकदाचं.

म्हणून मतदानाला गेली ती सरळ गॉर्डी क्रूगरला मत देऊन आली. गॉर्डी मर्लचा विरोधक, आणि गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला जाणारा त्याचा जन्माचा सोबती. बाहेर शेजारचा डेल भेटला.

"मी आपलं मर्ललाच दिलं हं, आर्लिस. बोलबोल बोलून डोकं तर खाणार नाही गॉर्डीसारखा!"

तीही हसली. अशा वेळी हसायचं असतं.

संध्याकाळी मुलगी ग्रेटा निकाल घेऊन आली. "आई, बाबा जिंकले गं."

"बरं," आर्लिस म्हणाली आणि भांडी विसळत राहिली.

तेवढ्यात स्वयंपाकघरातला फोन वाजला. निकाल लागला की हरलेल्यानं जिंकलेल्याच्या घरी फोन करायचा, अशी रीत.

"गॉर्डी बोलतोय. करायचा असतो, म्हणून केला बघ. लेकाच्यानं जाता जाता धूळ चारली मला. अभिनंदन सांग त्याला."

"थांब हं."

तिनं रिसीव्हर ओट्यावर ठेवला, हात पुसले, गॅरेजचं दार उघडलं आणि नेहमीसारखी हाक मारली, "मर्ल! गॉर्डीचा फोन आहे. ये लवकर, खोळंबलाय तो!"

गॅरेजात अंधार होता. दारापाशी बर्फाचं फावडं टेकून ठेवलेलं होतं. आर्लिस क्षणभर उत्तराची वाट बघत राहिली. मग तिथंच पायरीवर बसली आणि हंबरडा फोडून रडली. ग्रेटा धावत आली.

गॉर्डीनं तिकडे फोन ठेवला नव्हता.