चांदवडच्या घाटातली ट्रॉली

परवा विहिरीवरची मोटर जळाली आणि त्या वासासरशी मला चांदवडच्या घाटात तापलेले ब्रेक आठवले. लग्नानंतरचं माझं पहिलंच वर्ष होतं. मार्केटात व्यापारी ट्रॉलीचा मागचा फाळका उघडून तिथलाच कांदा आधी बघतो, म्हणून मी हट्टाने टपोऱ्या मालाच्या वजनदार गोण्या मागे रचायला लावल्या होत्या. घाट उतरताना पिकअपला जोडलेली ती ट्रॉली डावी-उजवीकडे झुलायला लागली. सासऱ्यांनी ओठ दाबून, हळूहळू वेग कमी करत गाडी कशीबशी कडेला घेतली, तरी माझा हात दाराची कडी सोडेना. मागून येणारा मालेगावचा एक म्हातारा ट्रकवाला थांबला, वाकून बघत म्हणाला, “सगळं वजन मागं टाकलंय. चाकांच्या पुढं पाहिजे, नाय तर गाडीच पलटी मारंल. कुणी भरली ही?” मी मान खाली घातली. सासरे म्हणाले, “मीच.” मग आम्ही तिघांनी मिळून गोण्या पुढे ओढल्या. उशीर का झाला, असं घरी सासूबाईंनी विचारलं, तेव्हाही सासऱ्यांनी चूक स्वतःवरच घेतली. परवा मोटर कुणी चालू ठेवली, असं घरात विचारलं, तेव्हा मी लगेच धाकट्या जावेचं नाव सांगितलं होतं.