आबांचा होकार

रिहे गावातल्या चहाच्या टपरीवर मला रोज एक आबा भेटतात. पक्षाघातानंतर त्यांना समजतं सगळं, शब्द मात्र वेळेवर सापडत नाहीत. 'न्हाई' म्हणायचं असलं तरी तोंडातून 'व्हय'च निघतं. म्हणून टपरीवाली चहा विचारून त्यांच्या मानेकडे बघते. बाकीचे त्यांच्याशी ओरडून बोलतात, जणू आबांचे कान गेलेत.

परवाच्या ग्रामसभेत एका फार्महाऊसवाल्याचा अर्ज होता. आबांच्या भातखाचराच्या वाटेवर त्याला फाटक बसवायचं होतं. सरपंच विकासावर अर्धा तास बोलले आणि मग ओरडले, "आबा, बसवू द्यायचं ना फाटक?"

"व्हय, व्हय!" आबा म्हणाले. मान नकाराची हलत होती, पण तिकडे कोण बघतंय?

"संमती हाय. लिवा!"

ग्रामसेवकाने लिहिलं. टाळ्या झाल्या. आबा काठी टेकत पुढे गेले, ग्रामसेवकासमोरची वही उचलून खुर्चीवर ठेवली आणि तिच्यावर बसले.

"आबा, उठा की!"

"व्हय," म्हणत आबा आणखी ऐसपैस बसले. सभा हसायला लागली.

शेवटी सरपंच पहिल्यांदाच हळू बोलले, "बरं, खोडतो संमती. पर खोडायला वही तर लागंल ना, आबा?"

आबांनी वही काढून दिली आणि ओळ खोडली जाईपर्यंत पानावर बोट धरून उभे राहिले.